तापमानाबरोबर चुंबकीय क्षेत्रही छापा

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला सुपरकंडक्टरवरचा, म्हणजे पुरेसे थंड केल्यावर विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थांवरचा, लेख वाचला. ‘सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्राला बाहेर ढकलतो, म्हणून चुंबक तरंगतो’, एवढ्यावर त्यात विषय संपवला आहे. शिसे किंवा पारा यांच्यापुरते हे ठीक. तांब्याचे ऑक्साइड असलेल्या सुपरकंडक्टरबाबत मात्र ते अपुरे आहे.

मी मिरजेला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. विज्ञान दिनाला आम्ही यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची चकती द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड करायचो. नायट्रोजन गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून मिळायचा. चुंबक तरंगला की मुले टाळ्या वाजवत. पण मधे प्लॅस्टिकचा तुकडा घालून चुंबक आधीच चकतीवर ठेवला, मग नायट्रोजन ओतला आणि तुकडा काढून चुंबक उचलला, तर चकती त्याच्याखाली अधांतरी लटकत वर येते. नुसत्या ढकलण्याने हे होणार नाही.

या पदार्थात क्षेत्र आत शिरते. 77 केल्विनला, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) काही शतांश एवढे क्षेत्रही त्याला पुरते, आणि साधा निओडिमियम चुंबक त्याहून कितीतरी जोरदार असतो. शिरलेले क्षेत्र बारीक भोवऱ्यांत विभागले जाते. प्रत्येक भोवऱ्यात ठरावीकच चुंबकीय प्रवाह असतो, 2.07 × 10⁻¹⁵ वेबर. रशियन भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये हे गणिताने मांडले होते. स्फटिकातल्या दोषांवर हे भोवरे अडकून बसतात, म्हणूनच चकती लटकते.

वीज वाहू लागली की तिचा जोर या भोवऱ्यांवर पडतो. ते सरकले की विद्युतदाब निर्माण होतो आणि शून्य रोध संपतो. तांब्याच्या ऑक्साइडचे थर एकमेकांशी सैल जोडलेले, त्यात तापमान जास्त, त्यामुळे भोवरे लवकर सुटतात. याच प्रकारच्या बिस्मथच्या संयुगाचे क्रांतिक तापमान (ज्याखाली पदार्थ सुपरकंडक्टर होतो) 110 केल्विन, यिट्रियमच्या संयुगाचे 92. वर्तमानपत्रात पहिलेच सरस ठरते. पण द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, थरांना काटकोनात क्षेत्र लावले, तर बिस्मथच्या संयुगातले भोवरे एका टेस्लाच्या आतच सुटतात. यिट्रियमचे संयुग काही टेस्लापर्यंत तग धरते. त्याच कुळातल्या फितींचे वेटोळे घालून 2019 मध्ये अमेरिकेत टॅलाहासीच्या प्रयोगशाळेने 45.5 टेस्लाचे क्षेत्र मिळवले. त्यातले 31.1 टेस्ला बाहेरच्या साध्या विद्युतचुंबकाचे होते आणि आतले वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये होते, हेही सांगायला हवे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या भोवऱ्यांच्या रचनेवर मोलाचे काम झाले आहे. त्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच छापून येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. पुढच्या लेखासाठी तिथल्या संशोधकांशी बोलावे, आणि सुपरकंडक्टरच्या प्रत्येक बातमीत तापमानाशेजारी चुंबकीय क्षेत्राचा आकडाही द्यावा, ही विनंती.

येत्या 28 फेब्रुवारीला जे शिक्षक हा प्रयोग करणार असतील, त्यांनी लटकणारी चकतीही जरूर दाखवावी. त्यासाठी वितळवून घडवलेली चकती घ्यावी. नुसत्या भाजलेल्या चकतीत भोवरे नीट अडकत नाहीत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना चष्मे द्यावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज