बस स्टॉपला लागतच नाही, मग लो फ्लोअरचा उपयोग काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी आई सिटी बसमधून उतरताना थोडक्यात वाचली, म्हणून हे पत्र लिहितेय. आई 76 वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत, हातात काठी असते. आमच्या स्टॉपसमोर नेहमीसारख्या रिक्षा लागलेल्या, त्यामुळे डायव्हरने गाडी मधल्या लेनमध्येच उभी केली, मी आधी उतरले, आईने एका हाताने दांडा धरून एक पाय खाली टाकला आणि तेवढ्यात बस आणि फुटपाथच्या मधल्या जागेतून एक बाइकवाला सुसाट निघून गेला. काठी त्याच्या हँडलला लागून लांब जाऊन पडली. आई दांड्याला धरून तशीच, एक पाय पायरीवर, एक हवेत, आणि मागून डबल बेल पडली. आतल्या बायका ओरडल्या म्हणून गाडी हलली नाही, नाहीतर काय झालं असतं ते आठवलं की अजून धस्स होतं.

मला कंडक्टरला दोष द्यायचा नाहीये. एवढ्या गर्दीत मागे तिकिटं काढणाऱ्या माणसाला पुढच्या दारात कोण उभं आहे ते दिसणार कसं?

लो फ्लोअर बस आल्या, आता म्हाताऱ्या माणसांची सोय झाली असं आपण म्हणतो. या गाड्यांचा फ्लोअर जमिनीपासून साधारण 40 सेंटीमीटरवर असतो. गाडी फुटपाथला लागून थांबली आणि फुटपाथ 15 सेंटीमीटरचा असला तर चढायला उरतात फक्त 25, म्हणजे घरातल्या जिन्याच्या पायरीपेक्षा थोडंसं जास्त. पण तीच गाडी चार हात लांब थांबली की आधी फुटपाथवरून खाली उतरा, मग पूर्ण 40 सेंटीमीटर चढा, आणि मधे बाइकवाले चुकवा. व्हीलचेअरसाठी असलेला रॅम्प तर फुटपाथवर टेकायलाच हवा, रस्त्यावर टाकला तर तो इतका उभा होतो की दोन माणसांनी ढकलूनही खुर्ची वर नेणं अवघड होतं. गाडीवर एवढा खर्च केला आणि स्टॉपसमोरची 15 मीटर जागा कुणी मोकळी ठेवली नाही म्हणून सगळं वाया, याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही, रोज एकटा कॉलेजला जातो. तो म्हणतो, बस जवळ लागली की इंजिनाच्या आणि दाराच्या आवाजावरून मी बरोबर जातो, लांब थांबली की ट्रॅफिकमध्ये आवाज हरवतो. आयआयटी दिल्लीच्या लोकांनी ऑनबोर्ड नावाचं एक यंत्र केलंय, बटण दाबलं की बसच्या दारापाशी बसवलेला स्पीकर नंबर बोलतो आणि त्या आवाजाच्या दिशेने माणूस दारापर्यंत पोचतो. आमच्या गाड्यांमध्ये आहे ती अनाउन्समेंटसुद्धा बंद असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 41 मध्ये बस स्टॉपवरच्या सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे, नुसत्या गाडीचा नाही. आणि हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. माझी मावशी अहमदाबादला असते, तिथे 2009 मध्ये सुरू झालेल्या जनमार्गच्या (वेगळ्या लेनमधून धावणाऱ्या बीआरटी बसच्या) स्टेशनवर प्लॅटफॉर्म आणि बसचा फ्लोअर एकाच लेव्हलला, आई तिथे काठी टेकत टेकत घरात शिरावं तशी बसमध्ये शिरली होती.

सगळीकडे तसली स्टेशनं बांधा असं मी म्हणत नाही. स्टॉपसमोर पिवळा पट्टा मारा, तिथे उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खरोखर दंड करा, रिक्षांना शेजारीच वेगळी जागा द्या (त्यांचंही पोट आहे), आणि मग डायव्हरला सांगा की गाडी फुटपाथला लावल्याशिवाय दार उघडायचं नाही. पट्टा आधी, डायव्हरला बोलणं नंतर, कारण जागाच नसेल तर तो तरी काय करणार. म्हातारं माणूस, गरोदर बाई, कडेवर मूल असलेली आई चढली तर ती बसेपर्यंत बेल देऊ नका. आणि रात्री स्टॉपवर लाइट लावा, आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर गाडीचा नंबर वाचायला मोबाइलचा टॉर्च लागतो.

आई त्या दिवसापासून फिजिओथेरपीला रिक्षाने जाते, आठवड्यातून तीनदा, पैसे जातात ते जातातच पण तिला बसच हवी असते, तिच्या ओळखीच्या दोघीतिघी त्याच गाडीला असतात. संबंधित खात्यातलं कुणी यायला तयार असेल तर कुठल्याही दिवशी चार वाजता मी स्टॉपवर टेप घेऊन येते, गाडी फुटपाथपासून किती लांब थांबते ते सोबतच मोजू.

आपली,
एक नियमित वाचक