मेरिंगमधली साखर कमी होत नाही, चिनू

प्रिय चिनू,

परवा तू फोन ठेवलास तेव्हा माझं बोलणं संपलं नव्हतं. असू दे. "साखर निम्मी करतो, झालं का समाधान" म्हणालास आणि ठेवलास. सकाळी उठून बघते तर तुझा फोटो, तो मेरिंगचा केक, पावलोव्हा, मधोमध चिरलेला, खालून पाक सुटून ताटभर पसरलेला, आणि खाली एवढंच की "आई असं का झालं". रागावलास तरी विचारायला माझ्याकडेच आलास, मला फार बरं वाटलं रे. म्हणून सविस्तर लिहायला बसले. तुझ्या रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टबद्दल एक अक्षर बोलणार नाहीये, ठरवूनच बसलेय. फक्त मेरिंग, म्हणजे तो अंड्याच्या पांढऱ्याचा साखर घालून फेटलेला फेस, आणि कस्टर्ड.

तर ऐक. मेरिंगमधली साखर नुसती गोडीसाठी नसते. अंड्याचा पांढरा भाग म्हणजे नव्वद टक्के पाणीच, बाकी प्रोटीन. फेटलं की हवा आत जाते, प्रोटीन त्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतं आणि साखर त्या पडद्यातल्या पाण्यात विरघळून ते पाणी धरून ठेवते. साखर काढलीस की ते पाणी कुठे जाणार, खाली गळणार. एका अंड्याचा पांढरा भाग ३०-३५ ग्रॅम भरतो, त्याला ५० ते ६० ग्रॅम साखर लागतेच. तू चार अंड्यांना १२० घातलीस म्हणजे निम्मीच झाली, म्हणून ते ओव्हनमध्ये फुगलं आणि बाहेर काढल्यावर बसलं. यात तुझ्या हाताचा काही दोष नाही, फेस छान चढला होता हे फोटोत कडेला दिसतंय मला.

दुसरं म्हणजे साखर घालायची एकेक चमचा, घाई नाही, आणि शेवटी चिमटीत घेऊन चोळून बघायचं. कणकण लागली म्हणजे विरघळलेली नाही, अजून फेट. न विरघळलेली साखरच नंतर पाक होऊन बाहेर येते. तुमच्याकडे बारीक साखर मिळते, मी इथे मिक्सरला फिरवून घेते. पिवळ्याचा एक थेंबसुद्धा नको, भांड्याला तेलाचा हात नको, आधी व्हिनेगरने पुसून घे. शेवटी एक चमचा व्हिनेगर, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, म्हणजे आत मऊ राहतं. ओव्हन १५० ला गरम कर, ठेवल्यावर १२० वर आण, सव्वा तास, मग बंद करून दार किंचित उघडं ठेवून आतच गार होऊ दे. तू लगेच बाहेर काढलास ना? चिरला तो त्याने. मी तर जुलै-ऑगस्टमध्ये मेरिंगचं नावच काढत नाही, साखर हवेतलं पाणी ओढून घेते आणि संध्याकाळपर्यंत सगळं चिकट.

आता हिशोब कर. चार अंडी, २२० ग्रॅम साखर, आठ तुकडे. एका तुकड्यात सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे सहा चमचे तरी झाले, वर क्रीम वेगळंच. आणि तू एक तुकडा खाऊन थांबतोस का? मित्र गेल्यावर उरलेलं रात्री फ्रीजसमोर उभं राहून कोण खातं, मला माहीत नाही का. बत्तिसाव्या वर्षी HbA1c, ती तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, ६.३ म्हणजे काय रे. ५.७ च्या पुढे गेलं की प्रीडायबेटिस आणि ६.५ ला डायबेटिसच म्हणतात, मध्ये उरलं किती. बघ, बोलणार नव्हते.

बाकी तुझा मागच्या महिन्यातला पावलोव्हा, तो पॅशनफ्रूटवाला, मी अख्ख्या बिल्डिंगला दाखवला. जोशीकाकूंना वाटलं दुकानातलाच आहे. १९२६ साली ती रशियन नर्तकी अ‍ॅना पावलोव्हा नाचाचे कार्यक्रम करायला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेली होती, तिच्या नावाचा हा पदार्थ आमचाच म्हणून दोन्ही देश अजून भांडतात आणि तो करतोय कोण, तर कोथरूडचा आमचा मुलगा. मला अभिमान आहे चिनू, तू आयटीवाला असून रविवारी बीटर हातात घेतोस याचा. घरी कुणी शिकवलं नव्हतं, तू आपला कट्ट्यावर बसून बघत असायचास.

कस्टर्डची गोष्ट मात्र वेगळी, तिथे साखर खुशाल कमी कर. अर्धा लिटर दूध, पाच पिवळे बलक, पुस्तकात ८०-१०० ग्रॅम साखर देतात, मी ४० वर आणलीय आणि काही बिघडत नाही. फक्त एक लक्षात ठेव, साखर कमी झाली की बलक लवकर गोठतो, म्हणून आच आणखी मंद. दूध कढत करून आधी बलकात थोडं थोडं घाल, उलटं नको. मग परत पातेल्यात, लाकडी उलथन्याने तळ सोडवत राहा, आठचा आकडा काढतो तसं. तुझ्याकडे थर्मामीटर आहे, ८२-८३ ला उतरव, ८५ च्या पुढे गेलास की फाटलंच. थर्मामीटर नसला तरी बघायला शिक, सुरुवातीला वर बारीक फेस असतो, दाट व्हायच्या जरा आधी तो फेस आपोआप विरतो आणि वरचा भाग गुळगुळीत, तुकतुकीत दिसायला लागतो. तिथपासून हात थांबवायचा नाही आणि फोनही उचलायचा नाही. उलथन्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढ, रेघ राहिली की लगेच गार भांड्यात गाळून घे. जरासं फाटलं तर ब्लेंडर फिरव, पुष्कळदा सावरतं. कॉर्नफ्लोअरवालं करशील तेव्हा मात्र चांगली उकळी येऊ दे, नाहीतर बलकातलं एन्झाइम कॉर्नफ्लोअर पचवतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं पातळ.

आपल्या घरात कस्टर्ड म्हणजे वीकफिल्डचा डबाच होता की किती वर्षं. आजी ते आवडीने खायची, कारण त्यात अंडं नाही, कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिला, बस. ती पावडर निघालीच मुळी त्यासाठी, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला अंडं सोसायचं नाही म्हणून त्याने १८३७ मध्ये ती काढली. खऱ्या अंड्याचं मी शिकले कॅम्पातल्या पारशी आंटींकडे, लग्न होऊन आल्यावर, त्यांचं लगन नु कस्टर्ड. दूध आटवायचं, अंडी, वेलची, जायफळ, आणि वरून चांगलं तपकिरी होईपर्यंत भाजायचं, त्या कडेच्या भाजलेल्या सायीसाठी बाबा आणि तू भांडायचात. घरी आजीचं सोवळं सांभाळून गॅलरीतल्या शेगडीवर करायचे मी, वेगळं पातेलं, वेगळी गाळणी. आणि कॅरॅमल पुडिंग कुकरमध्ये, शिट्टी काढून, खाली फडकं घालून, त्या पोचे पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात. बाबा दुसरी वाटी मागायचे, अर्धीच दे म्हणायचे. तेव्हा त्यांना कुठे काय होतं, चाळिशीसुद्धा नव्हती. पुढचं तुला सांगायला नको, ड्रेसिंग तूच करायचास, दहावीचं वर्ष असून.

मला तेच दिसतं रे डोळ्यासमोर. तू म्हणतोस बाबांचं वेगळं होतं, त्यांनी चार वर्षं तपासलंच नव्हतं, तू वेळेत तपासलंस. बरोबर आहे तुझं. पण घराण्यात आहे ते आहे.

सॉरी, लेक्चर झालं. तू सोडून दे असं मी म्हणतच नाहीये, उलट करत राहा. मी काय सुचवते बघ, पावलोव्हाऐवजी एक रविवार फ्लोटिंग आयलंड कर. त्यात मेरिंग ओव्हनमध्ये जात नाही, दुधात शिजतं, मऊच खायचं असतं म्हणून साखर कमी चालते. दोन अंड्यांच्या पांढऱ्याला ६० ग्रॅम पुरते. दूध नुसतं थरथरत ठेव, उकळू देऊ नको, चमच्याने गोळे सोड, दोन मिनिटांनी उलट, परत दोन मिनिटं, आणि फडक्यावर काढून ठेव. तेच दूध गाळून, कमी पडलं तर भर घालून, त्याचं कस्टर्ड. सहा जणांत १०० ग्रॅम साखर, म्हणजे एकाला सतरा ग्रॅम. दुधाची स्वतःची साखर असतेच, अर्धा लिटरमध्ये पंचवीसेक ग्रॅम, तीही धर, तरी एकवीसच्या आत बसतं. वरचा कॅरॅमलचा पाक नको, जायफळ किस. उरलेले पांढरे भाग फ्रीझ कर, चांगले राहतात, आणि डिफ्रॉस्ट केलेलेही फेटले जातात. सहाच वाट्या भर, सहाच माणसं बोलव, म्हणजे रात्री फ्रीजमध्ये काही उरायला नको.

जेवून चालायला जातोस का? तीन महिन्यांनी परत टेस्ट करायची आहे, डॉक्टरांनी सांगितलंय ना? तारीख कळव, मी विचारणार नाही, तूच कळव. आणि रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, काका लगेच कारल्याचे व्हिडिओ पाठवतात, मला एकटीला टाक. पायाला काही लागलं, नवीन बूट चावला तरी सांगायचं.

ताई जानेवारीत येतेय तुझ्याकडे. खायचं काही देत नाही, तिथे विमानतळावर दूध-अंड्याचं काढून घेतात म्हणे. साचा देऊ का तिच्याबरोबर? तुझ्याकडे कुकर केवढा आहे ते मोजून सांग, पाच लिटरचा असेल तर साचा बसेल, तीनचा असेल तर नाही बसणार, मग लहान वाट्या देते. शुक्रवारपर्यंत सांग, तिची बॅग भरायला घेतलीय.

तुझी
आई