‘दिल्ली अबोली’चे बी, तीन वर्षांची मुदत आणि उलट्या सूचना छापलेले पत्रक: तक्रार पत्र

कुडाळ, जि. सिंधुदुर्ग
दि. 15 डिसेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बहुवर्षायू फुलझाडांच्या बी-संचातील सदोष बी, चुकीचे लेबल व चुकीचे पत्रक, रक्कम परत मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

आमच्या परसबाग गटाने आपल्या संकेतस्थळावरून बहुवर्षायू फुलझाडांचे सहा बी-संच मागवले. दर संच 1,250 रुपये, एकूण 7,500 रुपये. 26 सप्टेंबर 2025 रोजी माल मिळाला. ऑर्डरचा क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे. प्रत्येक संचात सात पाकिटे, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) एक वीट, एक प्रो-ट्रे (रोपे उगवण्याचा खणांचा ट्रे) आणि ‘एकदा पेरा, पुढे दरवर्षी आपलेच बी धरा’ असे मथळ्यावर छापलेले पत्रक आहे.

आधी चांगले सांगतो. गुलबक्षी आणि गोकर्ण यांची तक्रार नाही. गोकर्णाच्या 90 बियांपैकी 74 उगवल्या, गुलबक्षी तर आठवड्याच्या आत वर आली. ही दोन पाकिटे याच ट्रेमध्ये, याच कोकोपीटमध्ये, याच पाण्यावर होती. तेव्हा ‘किनारपट्टीच्या दमट हवेमुळे उगवण कमी होते’ हे आपल्या प्रतिनिधीचे ईमेलमधील उत्तर आम्हाला मान्य नाही. दमट हवा काही पाकीट बघून बाधत नाही.

आता मुख्य तक्रार, ‘दिल्ली अबोली, 25 बिया’ या पाकिटाची. दिल्ली अबोली त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. बीजपेशी तयार होताना तिनाची समान वाटणी होत नाही, म्हणून ती वांझ असते. ती वाढते ती छाट कलमावर. फूल विकणारा साधा बागाईतदारही तिचे बी शोधत नाही, कलम मागतो. असे असताना तिचे बी पाकिटात भरून विकायला आले कुठून?

पाकीट उघडल्यावर उत्तर मिळाले. आतल्या बिया चपट्या होत्या आणि अंगाला चिकटून बसलेली रेशमी लव त्यांच्यावर होती. बशीत दोन थेंब पाण्यावर बी ठेवले की ती लव उभी राहते आणि बोटाला बुळबुळीत लागते. अबोलीच्या बीवर लव नसते, झालरीसारखे खवले असतात. तरी संशयाचा फायदा देऊन सहा पाकिटांतल्या सर्व 150 बिया पेरल्या. 58 रोपे आली. नवव्या आठवड्यात त्यांच्या पानांच्या बेचक्यात टोकदार काटे दिसू लागले. अबोलीला काटे नसतात. ही पिवळी कोरांटी आहे, जी आमच्याकडे कुंपणाला फुकट मिळते. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत आणि दोघींच्या बोंडांतून बी उडते, हे खरे. पण बी गोळा करणाऱ्याला आणि पाकीट भरणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे. बियांचे, लव उभी राहिलेल्या बीचे आणि काट्यांचे फोटो सोबत आहेत.

दिल्ली अबोलीच विकायची असेल तर मुळे फुटलेली कलमे विका. न फुललेल्या, अर्धवट जून फांदीचा शेंड्याकडचा 8 ते 10 सेंमीचा तुकडा, तीन-चार पेरांचा. खालची पाने काढून, बुडाला मुळे फुटण्याची आयबीए पावडर लावून, वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत ठेवला तर तीन-चार आठवड्यांत मुळे धरतो. बी विकायचे असेल तर साध्या, बी धरणाऱ्या अबोलीचे विका आणि तसे लिहा. मात्र ते ताजे हवे. अबोलीच्या बीचा जीव महिन्यांत मोजायचा असतो.

इथेच दुसरा मुद्दा येतो. सातही पाकिटांवर एकच मजकूर आहे: ‘उगवण 85 टक्के, तपासणी मे 2024, मुदत 36 महिने.’ गुलबक्षी, कर्दळ आणि जर्बेरा यांची उगवण तंतोतंत सारखी आणि आयुष्यही सारखे असते, असे आपल्या प्रयोगशाळेत खरोखर आढळले असेल तर तो अहवाल आम्हाला पाहायला आवडेल. कर्दळीचे बी दगडासारखे कठीण. अर्जेंटिनात सुमारे 600 वर्षांपूर्वीचे कर्दळीचे बी उगवल्याची नोंद आहे. जर्बेऱ्याच्या बीचे उलट. साध्या तापमानाला ठेवले तर काही महिन्यांतच त्याची उगवण घसरू लागते.

बी साठवणीतला हॅरिंग्टनचा नियम आपल्या तांत्रिक विभागाला ठाऊक असेल. बीमधला ओलावा 1 टक्क्याने कमी केला की साठवणीचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि तापमान 5 अंशांनी उतरवले तरी तसेच. म्हणजे उलटही खरे. आपण जर्बेऱ्याचे बी साध्या कागदी पाकिटात, आत ओलावा शोषणारी पुडीही न घालता, पावसाळ्यात पाठवले. 16 महिन्यांपूर्वी तपासलेले बी, कागदाचे पाकीट आणि सप्टेंबरची हवा! ॲल्युमिनियम फॉइलचे पाकीट महाग पडते म्हणावे, तर संचासोबत आलेला गुळगुळीत रंगीत खोका त्याहून महाग असावा.

जर्बेऱ्याच्या सर्व 120 बिया पेरण्याआधी नखांच्या चिमटीत दाबून पाहिल्या. भरलेले बी टणक लागते, फोल बी चपटे होते. 71 फोल निघाल्या. जर्बेऱ्याच्या फुलात परागण झाले नाही तरी बीचे टरफल आणि वरचा झुपका तयार होतो, आत मात्र काही नसते. अशा बिया पाखडून काढायच्या असतात, त्या वजनात धरून विकायच्या नसतात. उरलेल्या 49 पैकी 25 आपल्या पत्रकाप्रमाणे ‘अर्धा इंच खोल, काळोखात’ पेरल्या: एक उगवली. 24 कोकोपीटच्या पृष्ठभागावर टोक खाली करून, नुसत्या दाबून, उजेडात ठेवल्या: सहा उगवल्या. भरलेल्या बीमधूनही पावाहून अधिक उगवत नसेल तर तो जुनेपणा.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर ‘बी पाण्यात टाका, तरंगेल ते फेका’ असा सल्ला दिला. जर्बेऱ्याच्या बीला रुईच्या म्हातारीसारखा केसांचा झुपका असतो. ते चांगले असले तरी तरंगणारच. हा सल्ला ऐकून किती ग्राहकांनी असलेले चांगले बीही टाकून दिले असेल!

सदाफुलीच्या पाकिटाबाबत मात्र बीला दोष देता येत नाही, दोष पत्रकाचा आहे. पत्रक सांगते, ‘बी वर पसरा, झाकू नका, भरपूर उजेड द्या.’ सदाफुलीला उगवताना काळोख लागतो. 300 बियांपैकी 150 पत्रकाप्रमाणे पेरल्या, त्यांतल्या 38 आल्या. 150 बियांवर 3 मिमी कोकोपीट घालून ट्रेवर जाड कागद ठेवला आणि पहिले कोंब दिसताच तो काढला. त्यांतल्या 112 आल्या. आता जर्बेऱ्याची सूचना पुन्हा वाचावी: ‘अर्धा इंच खोल, काळोखात.’ जर्बेरा आणि सदाफुली यांच्या ओळी एकमेकींच्या जागी छापल्या गेल्या आहेत. त्या अदलाबदल करा, पत्रक बऱ्यापैकी ठीक होते (सदाफुलीला अर्धा इंचही जास्तच, पण ते चालवून घेऊ). ही छपाईची चूक असेल तर ती किती हजार पत्रकांवर गेली आहे, ते आपल्यालाच माहीत.

शिवाय पत्रकात सदाफुलीला ‘सकाळ-संध्याकाळ पाणी’ लिहिले आहे. कोवळ्या रोपांना रोज दोनदा पाणी म्हणजे बुंध्याशी कूज ठरलेली. देठ मातीलगत दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवे पडते. वरचा थर सुकू लागल्याशिवाय पाणी द्यायचे नाही, आणि द्यायचे ते ट्रेच्या खालून. कोकोपीटची वीटही न धुता वापरायला सांगितली आहे. नारळाच्या काथ्याच्या भुश्यात मीठ असते. तीनदा पाणी बदलून, पिळून घेतल्याशिवाय त्यात बारीक बी टाकू नये, एवढी एक ओळ पत्रकात बसली असती.

कर्दळीच्या 60 बियांपैकी 30 पत्रकाप्रमाणे ‘रात्रभर भिजवून’ पेरल्या. 45 दिवसांत एकही नाही. दुसऱ्या 30 बियांचे कवच कानशीने, देठाच्या खुणेपासून लांबच्या बाजूला, आतला पांढरा भाग टिकलीएवढा दिसेपर्यंत घासले, मग 24 तास कोमट पाण्यात ठेवल्या. बी फुगून जवळजवळ दीडपट होते, ते झाले की पेरायचे. 24 उगवल्या, त्याही आठ ते बारा दिवसांत. नंतर पहिल्या 30 उकरून, घासून पुन्हा पेरल्या. त्यांतल्या 22 उगवल्या. बी उत्तम होते. कवचातून पाणीच आत जात नाही, हे पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नव्हते.

शेवंतीबद्दल थोडक्यात. पाकिटावर ‘राजा शेवंती’ असे वाणाचे नाव आहे. शेवंतीचे बी आईसारखे येत नाही, प्रत्येक रोप वेगळे निघते. वाण टिकवायचा तर काश्या (बुडाशी फुटणारे धुमारे) लावतात. बी विकायला हरकत नाही, पण पाकिटावर ‘मिश्र’ लिहा.

याहून गंभीर म्हणजे पत्रकाचा ‘बी कसे धरावे’ हा भाग, कारण संच त्याच्याच जोरावर विकला जातो. त्यात सर्व झाडांना एकच कृती आहे: ‘फूल सुकले की तोडा, आठ दिवस कडक उन्हात वाळवा, डबीत भरा.’ सदाफुलीचे फूल गळते तेव्हा बी तयार होण्यास काही आठवडे बाकी असतात. जोडशेंगा हिरव्याच्या पिवळट होईपर्यंत थांबायचे, आणि उकलून काळे बी सांडण्याआधी तोडायच्या. रोज बघणे जमत नसेल तर शेंगांवर मलमलीची पिशवी बांधावी. साध्या अबोलीची बोंडे तपकिरी झाल्यावर पाण्याचा थेंब लागला की फुटतात. कोकणातल्या मुलांचा तो खेळच आहे. एका बोंडातल्या चार बिया अंगणभर होतात. म्हणून कणीस सकाळचे दव सुकल्यावर कापायचे आणि तोंड बांधलेल्या कागदी पिशवीत ठेवायचे. जर्बेऱ्याचा पांढरा गोळा मोकळा झाला की चिमटीला सहज सुटेल तेवढेच बी घ्यायचे. ओढून निघते ते कच्चे. गुलबक्षीचे बी काळे होऊन आपोआप पडते, ते गोळा करावे. कोणतेही बी कडक उन्हात नाही, सावलीत पातळ पसरून वाळवायचे. मग घट्ट झाकणाच्या बाटलीत, तळाला गार झालेले भाजके तांदूळ आणि वर कापडात बांधलेले बी.

आणि सदाफुलीच्या पाकिटावर आपणच ‘एफ-1 संकरित’, म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी, असे छापले आहे. एफ-1 झाडांवर धरलेले बी पुढच्या पिढीत फुटते: रंग, उंची, फुलाचा आकार सगळे विखुरते. त्याच पाकिटासाठी ‘पुढच्या वर्षी हुबेहूब हीच फुले’ असे लिहिणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

आपल्या ईमेलमध्ये ‘बियाणे कायदा आम्हाला लागू नाही’ असेही म्हटले आहे. 1966 च्या त्या कायद्यातील बियाण्याची व्याख्या अन्नपिके, फळे-भाज्या, कापूस, चारा आणि ताग यांच्यापुरती आहे, फुलझाडे तीत येत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मात्र वस्तू बघून सूट देत नाही. सदोष माल आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. आम्ही हे संच घरच्या बागेसाठी घेतले, विक्रीसाठी नव्हे.

आमच्या मागण्या अशा: सहा संचांचे 7,500 रुपये मूळ खात्यावर परत करावेत. बदली संच नको, त्यातही तीच पाकिटे असतील. ‘दिल्ली अबोली’चे पाकीट विक्रीतून तात्काळ काढावे. मे 2024 च्या तपासणीचा लॉटनिहाय अहवाल पाठवावा. आणि पत्रक दुरुस्त करून ज्यांनी ज्यांनी संच घेतला त्या सर्वांना ईमेलने कळवावे, कारण कर्दळीची न उगवलेली बी अजून कित्येकांच्या कुंडीत जिवंत पडून असेल.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. प्रत्येक पाकिटाची रिकामी थैली, फोल निघालेले जर्बेऱ्याचे बी आणि कोरांटीची दहा रोपे कुंडीत राखून ठेवली आहेत. आपल्या प्रतिनिधीला येऊन पाहता येतील.

आपले विश्वासू,
परसबाग गटाच्या वतीने,
कुडाळ

सोबत: पावतीची प्रत, पाकिटांच्या दोन्ही बाजूंचे फोटो, पत्रकाची प्रत, पेरणी व उगवणीची तारीखवार नोंद, बी व रोपांचे फोटो, आपल्या दोन ईमेलच्या प्रती.