बाबांच्या झोपेबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की बाबा "सगळं ठीक आहे" म्हणतात आणि आईकडे फोन देतात, म्हणून लिहिते आहे. आई, हे पत्र वाचून दाखवू नको, त्यांच्या हाती दे.

बाबा, पऱ्हाटीवर बोंडअळी पडली तेव्हापासून तुमची झोप गेली. जेवण अर्ध्यावर आलं, वावरात गेलात तरी धुऱ्यावर नुसते बसून राहता, असं आई सांगते. आत्या म्हणते बाहेरचं आहे, उतारा करा. त्यात पैसा घालू नका. मला हे डिप्रेशन वाटतं. तो आजार आहे, भित्रेपणा नाही, आणि त्यावर उपचार आहेत.

मला तुम्हाला यवतमाळच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं आहे. तो वेड्यांचा दवाखाना नाही, छातीची, डोळ्यांची तशीच मनाचीही ओपीडी असते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढं याच विषयात शिकलेले डॉक्टर. गोळी लागेल की नाही ते तेच ठरवतात. मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. त्यांच्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मनाच्या आजारांवरच्या उपचाराचं खास शिक्षण घेतलेल्यांची, नोंद भारतीय पुनर्वास परिषद या सरकारी संस्थेकडे असते. बाहेर समुपदेशक म्हणून पाटी लावणारे सगळेच नीट शिकलेले नसतात, तेव्हा शिक्षण विचारायला संकोच नको.

तुम्ही म्हणाल, "नुसतं बोलून काय होते, कर्ज फिटते का?" नाही फिटत. सोसायटीचं देणं तिथल्या तिथंच राहील, त्यासाठी वेगळं धावावं लागेल. पण "माझ्यामुळं घर बुडालं" हा जो विचार रात्रभर डोक्यात फिरतो, त्यावर मानसशास्त्रज्ञ तुमच्याशी बोलतात. तो कधी येतो, त्यात खरं किती, त्यापायी तुम्ही काय काय सोडून दिलं, हे ते तुमच्याच तोंडून काढतात. मग सुटलेलं थोडंथोडं परत सुरू करायला लावतात. सकाळी गायीजवळ जाणं, संध्याकाळी भजनात बसणं, एवढ्यापासूनही सुरुवात होते. एक बैठक साधारण पाऊण तासाची, बहुतेक आठवड्यातून एकदा. दोनतीनदा जाऊन सोडलं तर उपयोग नाही.

आपल्या वऱ्हाडात हे नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. त्यात गावातल्याच लोकांना शिकवून घरोघरी असं समुपदेशन केलं, आणि उदास असलेली कितीतरी जास्त माणसं मदत घ्यायला पुढं आली.

मेडिकलचे डॉक्टर तुम्हाला जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारतील. दचकू नका, खरं सांगा. विचारल्यानं तसं मनात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तिथं बोललेलं आम्हालाही कळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंच ती गुप्तता दिली आहे. जिवाला धोका दिसला तर मात्र घरच्यांना सांगतात.

आई, रात्री काही वेगळं वाटलं तर माझी वाट पाहू नको. १४४१६ लाव, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, टेलिमानस म्हणतात त्याला. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. फवारणीचं औषध घरात ठेवू नको, काकांकडे कुलपात ठेवायला दे. आजच.

मी रविवारी येते, सोमवारी सकाळच्या एसटीनं जाऊ. तालुक्याच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, ती चिठ्ठी आणि बाबांचं आधार कार्ड काढून ठेव.

तुमची लेक