पिल्लाचे नाक फरशीवर घासू नका

संपादक महोदय,

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की मुलांच्या हट्टापायी नागपुरात अनेक घरांत कुत्र्याचे पिल्लू येते. त्याने फरशीवर सू केली की नाक त्यात घासा आणि एक रट्टा द्या, असा सल्ला शेजारपाजारचे हमखास देतात. तो सपशेल चुकीचा आहे. दहा मिनिटांपूर्वीची सू आणि आत्ताचा मार यांची सांगड पिल्लाला घालता येत नाही. माणसासमोर केले की मार बसतो, एवढेच ते शिकते. मग सोफ्यामागे लपून करते आणि बाहेर नेले तरी तुमच्यादेखत करत नाही. याला लोक हट्टीपणा म्हणतात, पण ती निव्वळ भीती असते.

झोपून उठल्यावर, खेळ झाल्यावर आणि खाल्ल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत त्याला रोज एकाच जागी न्यावे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन तासांहून जास्त सू धरवत नाही, म्हणून मधेही न्यावे लागते. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या धोक्यामुळे रस्ता टाळून अंगण किंवा गच्ची वापरावी. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवर पंजे भाजतात. दुपारी न्हाणीघरात वर्तमानपत्र अंथरलेले बरे.

सू संपताच, तिथेच, एक-दोन सेकंदांत 'शाब्बास' म्हणून खाऊ द्यावा. बहुतेकांचे इथेच चुकते: घरात येऊन डबा उघडला, तर पिल्लाच्या लेखी ते बक्षीस घरात आल्याचे. खाऊ खिशातच हवा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा पनीरचा किंवा मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचा तुकडा पुरतो. मनुका आणि चॉकलेट मुळीच नको, ती कुत्र्याला विषारी असतात. दिवसाचा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यावर जाऊ नये.

घरात झालेच तर न ओरडता पुसावे. नुसत्या फिनाईलने आपल्याला वास येईनासा होतो, पिल्लाला येतो आणि ते पुन्हा तिथेच बसते. त्यासाठी वासाचे मूळच तोडणारा एन्झाइमयुक्त क्लीनर वापरावा.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात होते. सवयी लावायचे वयही तेच. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाने आणि शहरातील खासगी दवाखान्यांनी लसीच्या कार्डासोबत एवढी माहिती मराठीत छापून प्रत्येक पालकाच्या हाती द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक श्वानप्रशिक्षक, नागपूर