सिस्टर, तो मोठा पट्टा तुम्ही आधीच आणून ठेवला होता

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

माझ्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. रिपोर्ट चांगले आहेत, शुगरची गोळी डॉक्टरांनी बंद केली, जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही. सर्जनसाहेबांना भेटून मनापासून आभार मानले. तुमचे मात्र राहिले, कारण मला घरी सोडलं त्या सकाळी तुमची नाइट संपून तुम्ही गेला होता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

दाखल झाले त्या संध्याकाळी तुम्ही बीपी बघायला आलात. मशीनला लावलेला पट्टा मोठा होता, माझ्या दंडाला नीट बसणारा. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. आकडा लिहिलात, "छान आहे हं, ताई" म्हणालात आणि पुढच्या बेडकडे गेलात. मी भिंतीकडे तोंड करून रडले. नंतर मावशींकडून कळलं की माझी फाइल वाचून तुम्ही तो दुपारीच आयसीयूतून मागवून ठेवला होता.

कितीतरी दवाखान्यांत बीपीचा नेहमीचा पट्टा माझ्या दंडावरून तडतडत सुटला आहे. "तुमच्या मापाचं नाही आमच्याकडे," हे भरलेल्या वेटिंगसमोर ऐकलं आहे. लहान पट्टा लावला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. तशाच आकड्यांवरून गोळी वाढवली गेली. गुडघा दुखतो म्हणून गेले तर गुडघ्याला हातही न लावता "आधी वजन उतरवा". कान ठणकत होता तेव्हाही तेच! घरच्या कार्यात नातेवाइकांचं वेगळंच, "तोंडावर ताबा ठेवला असतास तर पोट कापायची वेळ आली नसती." या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही.

माझं झालं त्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या भागात तयार होतं, तोही त्यातच जातो. जन्मभर ज्या भुकेशी मी भांडत होते ती किती प्रमाणात शरीराची होती, हे मला ऑपरेशननंतर कळलं. तो माझ्या स्वभावाचा दोष नव्हता. तुम्ही मात्र हे आधीपासून जाणून असल्यासारख्या वागलात.

ऑपरेशनच्याच दिवशी रात्री तुम्ही मला उभं केलंत. "चार पावलं टाका ताई, पायात गुठळी व्हायला नको." दुसऱ्या दिवशी औषधाच्या इवल्याशा कपात ३० मिली पाणी दिलंत आणि घोट घोट संपेपर्यंत शेजारी उभ्या राहिलात. वॉर्ड भरलेला होता, तरी घाई केली नाहीत. केसांचंही तुम्हीच सांगून ठेवलं होतं, "तीन-चार महिन्यांनी गळतील, घाबरू नका, परत येतात. प्रोटीन तेवढं सोडू नका." खरंच कंगवा भरून केस येऊ लागले तेव्हा आई घाबरली, मी नाही.

आता आधी पनीर किंवा अंडं, मग वरण, जागा उरली तर घासभर भात. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने. पंगतीत आग्रह होतो, तेव्हा ताटावर आडवा हात धरते. व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर आहेत, त्याचं काही वाटत नाही.

माणसाला न लाजवता त्याचं काम करून देणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि बहुतेक वेळा ती रात्रपाळीत राबत असतात, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. आणि दवाखाना चालवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, बीपीचा एक मोठा पट्टा घेऊन ठेवा. तो फार महाग नसतो. त्याच्यावाचून किती बायका तपासणीलाच येत नाहीत, हे तुम्हाला दिसत नाही, कारण त्या घरीच बसलेल्या असतात.

सिस्टर, पुढच्या महिन्यात माझी बी-१२ आणि लोहाची तपासणी आहे. तुमची कुठली पाळी आहे ते मावशींकडे सांगून ठेवा. या वेळी तुम्हाला भेटल्याशिवाय मी परत जाणार नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या बेडवरची ताई