मांदो, चार्ज आणि दोन सह्या

सेव्हिल, जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, थंडीचं तू तीनदा विचारलंस. बाहेर सोसवते, गारठा घरात जास्त. घरमालकीणबाई मला रोज मेसा कामियाशी बसवतात. म्हणजे गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं गोधडीएवढं जाड कापड आणि खाली विजेची शेगडी. सगळ्यांनी पाय आत घ्यायचे, कापड मांडीवर ओढायचं, तिथेच जेवायचं, तिथेच टीव्ही बघत पेंगायचं. पूर्वी खाली निखारे ठेवायचे. आता शेगडीला जाळी असते, पाय भाजत नाहीत.

परवा बाई कापडाखाली हात घालून "मांदो, मांदो" करत होत्या. रिमोट पडला होता. त्याच शब्दाने मला कामावर भाषांतर करताना दिवसभर छळलं होतं.

बाबा, फौजेत मांदो म्हणजे हुकमाचा अधिकार, आणि तो अधिकार असलेले ऑफिसरसुद्धा. विमानात मांदो म्हणजे पायलटच्या हातातली दांडी, खटके. एका जुन्या नोंदवहीत 'काम्बिओ दे मांदो' आलं. मागेपुढे सगळं दुरुस्तीचंच, म्हणून मी इंग्रजीत 'कंट्रोल बदलला' असं लिहिलं. खरं तर त्या दिवशी तुकडीचा प्रमुख बदलला होता! खाली दोन सह्या होत्या, मी पाहिल्याच नाहीत. तपासणाऱ्या बाईंनी वेळेत पकडलं. तुम्ही सह्या बघूनच म्हणाला असतात, 'चार्ज दिला-घेतला'. आपला चार्ज तरी काय, मोबाईलचा वेगळा, सुभेदारसाहेबांनी घेतलेला वेगळा. आता मी आधी सह्या बघते, मग शब्द.

आणि काळजी करू नका, गुपितं माझ्या हातात येत नाहीत. हवाई दलाच्या ५६ सी-२९५ विमानांपैकी पहिली १६ सेव्हिलची, उरलेली ४० वडोदऱ्याची, हे खरं. पण माझा त्याच्याशी संबंध नाही. आमच्याकडे जुनी देखभालीची पुस्तकं येतात.

या महिन्यात पंधराच हजार पाठवलेत, पुढच्या महिन्यात भरून काढते. कराडच्या स्थळाला 'नाही' कळवू नका, दिवाळीपर्यंत थांबा म्हणा. दादाच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. रजा मिळत होती, मीच घेतली नाही. तिकिटाचे पैसे हॉलला लागतील म्हणून. बाबा, आईला हे हळूच सांगा.

मुहूर्त अकराचा, म्हणजे इथे पहाटेचे साडेसहा. मी साडेपाचलाच उठून बसेन. दादाचा फोन तेवढा चार्ज करून ठेवा.

तुमची,
मनू